निर्दोष सुटले, मग दोषी कोण?

२०२५ च्या जुलै महिन्यात, दहा दिवसांच्या अंतराने, मुंबईत दोन निकाल लागले. ११ जुलै २००६ च्या उपनगरी रेल्वे बॉम्बस्फोट खटल्यातील बाराही आरोपींची मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलैला निर्दोष मुक्तता केली. २९ सप्टेंबर २००८ च्या मालेगाव बॉम्बस्फोट खटल्यातील सातही आरोपींना विशेष एनआयए न्यायालयाने ३१ जुलैला निर्दोष सोडले. पहिल्या स्फोटमालिकेत १८९ माणसे मृत्युमुखी पडली होती, दुसऱ्या स्फोटात सहा. दोन्ही निकालांनंतर दूरचित्रवाहिन्यांवर जो गदारोळ झाला तो पाहण्यासारखा होता. पहिल्या निकालाने ज्यांना भारतीय न्यायव्यवस्था महान वाटू लागली होती, त्यांनी दहाच दिवसांत त्याच न्यायव्यवस्थेच्या नावाने गळा काढला. पहिल्या निकालानंतर न्यायालयांवर तोंडसुख घेणाऱ्यांपैकी अनेकांना दुसऱ्या निकालात सत्याचा विजय दिसला. आपल्या सोयीचा निकाल म्हणजे न्याय आणि गैरसोयीचा निकाल म्हणजे अन्याय, अशी ही वाटणी. या वाटणीत एक साधा प्रश्न मात्र बाजूलाच पडला. ही १९५ माणसे मारली कोणी?

आरोपी निर्दोष सुटला म्हणजे गुन्हा घडलाच नाही असे होत नाही. प्रेते होती, जखमी होते, फाटलेले रेल्वेचे डबे होते, मालेगावच्या भिक्कू चौकात जळालेली मोटारसायकल होती. गुन्हा घडला आणि गुन्हेगार सापडला नाही, एवढाच या दोन निकालांचा एकत्रित अर्थ आहे. तो अर्थ ज्या राज्यव्यवस्थेला अस्वस्थ करत नाही, त्या व्यवस्थेला कायद्याचे राज्य म्हणणे कठीण आहे.

अकरा मिनिटे आणि एकोणीस वर्षे

११ जुलै २००६ ची ती सायंकाळ मुंबईकर विसरलेला नाही. कचेऱ्या सुटल्या होत्या, चर्चगेटहून निघालेल्या गाड्या उत्तरेकडे धावत होत्या, आणि अवघ्या अकरा मिनिटांत सात गाड्यांच्या प्रथम श्रेणीच्या डब्यांत सात स्फोट झाले. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड ही रोजच्या प्रवासातली नावे त्या रात्री मृतांच्या यादीची शीर्षके बनली. जखमींची संख्या आठशेहून अधिक होती. मेलेली माणसे सैनिक नव्हती, पुढारी नव्हती. महिन्याचा पास काढून रोज त्याच गाडीला, त्याच डब्यात उभी राहणारी नोकरदार आणि व्यापारी माणसे होती.

राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने तपास केला. संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, म्हणजे मोक्का, लावला. तेरा जणांवर खटला चालला. मोक्काच्या वैधतेवरील आव्हानामुळे सर्वोच्च न्यायालयाच्या स्थगितीपायी खटला सुमारे दोन वर्षे जागच्या जागी थांबला. सप्टेंबर २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरविले, एकाला सोडले. पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. समाजाने सुटकेचा नि:श्वास टाकला. फाशीची शिक्षा झालेल्यांपैकी एक जण २०२१ मध्ये कारागृहातच मरण पावला. आणि मग उच्च न्यायालयाचे ६७१ पानांचे निकालपत्र आले, ज्यात त्या तपासाची शिवण टाक्याटाक्याने उसवली गेली.

काय होते त्या निकालपत्रात? आरोपींना चर्चगेटपर्यंत नेल्याचे सांगणारे टॅक्सीचालक हे अभियोग पक्षाचे महत्त्वाचे साक्षीदार. ते पोलिसांकडे आले केव्हा, तर स्फोटांनंतर शंभराहून अधिक दिवसांनी. मुंबईतला टॅक्सीचालक दिवसाला किती उतारू नेतो? त्यातला एक अनोळखी चेहरा साडेतीन महिन्यांनंतर नेमका आठवावा असे काय घडले होते, याचे समाधानकारक उत्तर न्यायालयाला मिळाले नाही. पुढे ओळखपरेड झाली. ती घेणाऱ्या विशेष कार्यकारी अधिकाऱ्याला ती घेण्याचा अधिकारच नव्हता. म्हणजे ज्या साक्षीवर फाशीचा दोर अडकवायचा, तिचा खुंटाच जमिनीत रोवलेला नव्हता. आरोपींच्या कबुलीजबाबांत मजकुराचे भागच्या भाग जुळत होते आणि त्यांसाठी छळ झाल्याच्या तक्रारींकडे दुर्लक्ष करता येण्यासारखी स्थिती नव्हती. जप्त केलेली स्फोटके आणि साहित्य मोहरबंद करून, कोणाच्याही हाताचा संशय येणार नाही अशा रीतीने प्रयोगशाळेपर्यंत गेले, हे सिद्ध झाले नाही. सर्वांत विस्मयकारक भाग असा की, गाड्यांत फुटलेला बॉम्ब कोणत्या प्रकारचा होता हेच अभियोग पक्षाला सिद्ध करता आले नाही.

यातील एकही दोष न्यायाधीशाने निर्माण केलेला नाही. एकही दोष कायद्यातील पळवाट नव्हे. लाखेची मोहर नीट लावणे, अधिकार असलेल्या माणसाकडून ओळखपरेड घेणे, साक्षीदाराचा जबाब वेळेवर नोंदविणे, ही कामे पोलीस ठाण्यातल्या रोजच्या कामांपैकी आहेत. त्यासाठी ना नवा कायदा लागतो, ना परदेशी तंत्रज्ञान.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. २००८ मध्ये मुंबई पोलिसांच्याच गुन्हे शाखेने इंडियन मुजाहिदीनच्या काही जणांना पकडले, तेव्हा याच रेल्वेस्फोटांविषयी निराळी कथा पुढे आली. एकाच राज्याच्या दोन पोलीस यंत्रणा आणि एकाच स्फोटमालिकेच्या दोन कथा! बचाव पक्षाच्या वकिलाला याहून मोठी देणगी कोण देणार? खटला सोडविल्याचा आभास निर्माण करून समाजाला खोटे समाधान देणे घातक असते, कारण खरा धोका मोकळाच राहतो, अशा आशयाचे मत उच्च न्यायालयाने नोंदविले आहे. गुन्हेगारांना मोकळे सोडल्याबद्दल न्यायालयाला दोष देणाऱ्या प्रत्येकाने ते वाक्य एकदा वाचावे. न्यायालयाला जी काळजी वाटली ती स्फोटात मेलेल्यांचीच होती.

मालेगावचा धडा

मालेगावच्या खटल्यात हीच कथा दुसऱ्या वेषात दिसते. येथे तर दोन यंत्रणांनी तपास केला. प्रथम दहशतवादविरोधी पथकाने आणि २०११ पासून राष्ट्रीय तपास यंत्रणेने, म्हणजे एनआयएने. मोक्का लागला, विशेष न्यायालयाने २००९ मध्ये तो काढला, उच्च न्यायालयाने २०१० मध्ये पुन्हा लावला, आणि अखेर २०१७ मध्ये तो वगळला गेला. आरोपनिश्चिती २०१८ मध्ये झाली. स्फोट २००८ चा, आरोपनिश्चिती दहा वर्षांनंतरची! लेफ्टनंट कर्नल प्रसाद पुरोहित या सेवेतील लष्करी अधिकाऱ्याची सुमारे नऊ वर्षे खटला उभा राहण्यापूर्वीच कारागृहात गेली. साध्वी प्रज्ञासिंह ठाकूर यांना २०१७ पर्यंत जामीन मिळाला नाही. तीनशेहून अधिक साक्षीदार तपासले गेले, त्यांतले तीसहून अधिक फितूर झाले. दंडाधिकाऱ्यांसमोर नोंदविलेल्या काही जबाबांच्या मूळ प्रतीच अभिलेखातून गहाळ झाल्या. आता त्यांच्या छायाप्रती पुरावा म्हणून चालतील काय, यावर वर्षानुवर्षे वाद!

निकाल देताना न्यायालयाने जे म्हटले त्याचा सारांश असा. स्फोट झाला हे सिद्ध झाले, पण बॉम्ब त्या मोटारसायकलीतच ठेवला होता हे सिद्ध झाले नाही. मोटारसायकल कोणाची हेही निर्विवाद सिद्ध झाले नाही. घटनास्थळाचा पंचनामा करताना जागेचा नकाशा काढला गेला नाही, बोटांचे ठसे घेतले गेले नाहीत, आणि घेतलेले नमुने दूषित झाल्यामुळे त्यांच्या अहवालावर विसंबता येत नव्हते. बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली खटला भरण्यास लागणाऱ्या मंजुरीचे आदेश सदोष होते. जखमींचा आकडासुद्धा १०१ नव्हे, ९५ निघाला, आणि काही वैद्यकीय प्रमाणपत्रांत फेरफार झाल्याचे आढळले. कितीही बळकट असला तरी संशय हा पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, हे त्या निकालाचे सूत्र.

आता आठवावे ते दिवस. पुराव्याचा पत्ता नव्हता, पण शब्द मात्र तयार होता. ऑगस्ट २०१० मध्ये राज्यांच्या पोलीसप्रमुखांच्या परिषदेत देशाच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी ‘भगवा दहशतवाद’ हा शब्दप्रयोग केला. जानेवारी २०१३ मध्ये जयपूरच्या काँग्रेस अधिवेशनात त्यांच्या नंतरच्या गृहमंत्र्यांनी त्याचीच री ओढली आणि पुढच्याच महिन्यात खेद व्यक्त केला. ज्या खटल्यात आरोपनिश्चितीही झाली नव्हती, त्या खटल्याच्या आधारे एका रंगाला, एका परंपरेला आणि कोट्यवधी लोकांच्या श्रद्धेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यात आले. गृहमंत्री हा तपास यंत्रणांचा प्रमुख असतो. तपास चालू असताना त्यानेच निष्कर्ष जाहीर केला, तर हाताखालचा अधिकारी पुरावा शोधणार की निष्कर्षाला साजेसा कागद? राजकारणाने तपासात पाऊल टाकले की पहिला बळी पुराव्याचा जातो. त्या शब्दाने हिंदू समाजाची बदनामी झाली हे खरेच. पण मालेगावच्या मृतांचेही त्याने कमी नुकसान केले नाही. त्यांच्या खुन्याचा शोध त्या दिवसापासून राजकीय वादाचा विषय बनला.

म्हणून ३१ जुलैच्या निकालाचे पेढे वाटून झाल्यावर तरी भिक्कू चौकातल्या सहा मृत्यूंचा विचार करायला हवा. न्यायालयाने मृतांच्या वारसांना दोन लाख आणि जखमींना पन्नास हजार रुपये देण्याचा आदेश दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये मृतांच्या कुटुंबीयांनी उच्च न्यायालयात अपील केले. त्यांना उत्तर हवे आहे, आणि ते मागण्याचा त्यांचा अधिकार माहीम किंवा बोरिवलीच्या कुटुंबांइतकाच आहे. त्याच मालेगावात ८ सप्टेंबर २००६ रोजी झालेल्या आधीच्या स्फोटांच्या खटल्यात प्रथम पकडलेल्या आरोपींना २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने आरोपमुक्त केले होते. चुकीच्या माणसाला पकडले की दोन अन्याय होतात. तो माणूस वर्षानुवर्षे गजाआड राहतो आणि खरा गुन्हेगार बाहेर. ‘शंभर अपराधी सुटले तरी चालतील, पण एका निरपराध्याला शिक्षा होता कामा नये’ हे वचन आपल्याकडे उठताबसता ऐकविले जाते. ते ऐकविणारे बहुधा विसरतात की, निरपराध्याला पकडणे हाच अपराध्याला सोडण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

ध चा मा

कागदावर ‘ध’चा ‘मा’ झाला की काय होते, हे महाराष्ट्राला कोणी शिकवायला नको. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनाभोवती ती आख्यायिका घट्ट बसलेली आहे. त्याच प्रकरणात रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्ताचा निर्णय तोंडावर सुनावला, हेही प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असते. मात्र त्या निर्णयाआधी शास्त्रीबोवांनी चौकशी केली होती, हा भाग सहसा सांगितला जात नाही. बाणेदारपणा सर्वांना आठवतो, चौकशी कोणालाच आठवत नाही. आजच्या न्यायविषयक चर्चेचाही हाच दोष आहे. सर्वांना कठोर निकाल हवा असतो, पण त्याखालचा कंटाळवाणा, मेहनतीचा, शाईचा आणि लाखेचा भाग कोणालाच नको असतो.

आपल्या पूर्वजांना तो भाग नीट कळत होता. याज्ञवल्क्यस्मृतीने लेख, भोग आणि साक्षी ही प्रमाणे सांगितली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘कण्टकशोधन’ या अधिकरणात संशयास्पद मृत्यूच्या परीक्षेचा स्वतंत्र अध्याय आहे. त्याच अधिकरणात आणखी एक तरतूद आहे, जी प्रत्येक पोलीस ठाण्याच्या भिंतीवर लावावी अशी आहे. सांगितलेले न लिहिणाऱ्या, न सांगितलेले लिहिणाऱ्या किंवा अर्थ फिरविणाऱ्या लेखकाला कौटिल्याने दंड सांगितला आहे. नुसत्या लेखकालाच नव्हे, चुकार न्यायाधिकाऱ्यालाही. पंचनाम्यात काय होऊ शकते याची एवढी नेमकी जाणीव तेव्हा होती. आज पंचनामा कसा होतो? कायद्यानुसार परिसरातील दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित व्यक्तींनी प्रत्यक्ष पाहून सही करायची. प्रत्यक्षात प्रतिष्ठित माणूस पोलिसांची गाडी पाहताच दार लावून घेतो, कारण एका सहीपायी पुढची दहा वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील हे त्याला ठाऊक असते. मग ‘नेहमीचे पंच’ येतात. ठाण्यासमोरचा टपरीवाला, कोणाच्या तरी ओळखीचा रिकामा माणूस. मजकूर आधी लिहिलेला, सही नंतर. उलटतपासात बचावाच्या वकिलाने याआधी किती खटल्यांत पंच होतात, एवढे विचारले की पंचनाम्याची उलटी गणती सुरू होते. दार लावून घेणारा तो प्रतिष्ठित माणूस मध्यमवर्गीय असतो, हेही नमूद करून ठेवायला हरकत नाही. निकालावर संतापणारा तोच आणि पंच व्हायला नकार देणाराही तोच.

कठोर कायद्याचा आळस

प्रत्येक मोठ्या गुन्ह्यानंतर कठोर कायद्याची मागणी होते. ती चूक नाही. १९८५ चा टाडा १९९५ मध्ये कालबाह्य झाला, २००२ चा पोटा २००४ मध्ये रद्द झाला, आणि तो रद्द करण्यामागे सुरक्षेपेक्षा मतपेढीचा विचार अधिक होता, अशी अनेकांची रास्त तक्रार आहे. पण ७/११ च्या खटल्यात मोक्का पूर्ण सामर्थ्यानिशी उपलब्ध होता, ही गोष्ट त्या तक्रारीच्या भरात विसरता येत नाही. साध्या कायद्यात पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा ठरत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यापासून हे तत्त्व चालत आले आहे. मोक्काने वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुलीला पुराव्याचा दर्जा दिला. हेतू चांगला होता, परिणाम मात्र विपरीत झाला. कबुली मिळणार असेल तर बाकीचा पुरावा कशाला गोळा करायचा, अशी सवय लागली. सगळी इमारत एका खांबावर उभी राहिली आणि उच्च न्यायालयाने तो खांब तपासताच ती कोसळली. जो कायदा पोलिसाला अधिक कष्ट करायला लावतो तो कठोर. जो कष्ट वाचवितो तो आरोपीपेक्षा तपासालाच अधिक घातक ठरतो.

याच्या उलट उदाहरणही याच मुंबईत आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर साहाय्यक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हातात केवळ लाठी असताना कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली आणि गोळ्या झेलत प्राण सोडले. त्यांच्या बलिदानाविषयी पुष्कळ लिहिले गेले. पण त्या बलिदानाने न्यायालयाला काय दिले याचा विचार कमी होतो. ओंबळे यांनी जिवंत पुरावा मिळवून दिला. तो गुन्हेगार मेला असता, तर पाकिस्तानने त्याचे अस्तित्वच नाकारले असते. त्या जिवंत पुराव्याभोवती स्थानकातील कॅमेऱ्यांची चित्रे, छायाचित्रकारांनी टिपलेले चेहरे, जप्त शस्त्रे, नौका आणि जनुकीय चाचण्या यांची साखळी उभी राहिली. दीड वर्षाच्या आत, ३ मे २०१० रोजी, विशेष न्यायालयाने कसाबला दोषी ठरविले. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्याच निकालात दोन भारतीय सहआरोपींना पुराव्याअभावी सोडण्यात आले आणि तो भागही सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकला. न्यायाधीश तेच, कायदा तोच, खटला तोच. जेथे पुरावा होता तेथे फाशी, जेथे नव्हता तेथे मुक्तता. भारतीय न्यायालये गुन्हेगारांविषयी मवाळ आहेत असे म्हणणाऱ्यांना याहून स्पष्ट उत्तर मिळणार नाही.

विलंबाचा दोष न्यायालयांना आहेच, तो झाकण्याचे कारण नाही. दहा लाख लोकसंख्येमागे पन्नास न्यायाधीश असावेत असे विधी आयोगाने १९८७ मध्येच सुचविले होते, आणि आजही आपण त्याच्या निम्म्यावर पोहोचलेलो नाही. देशभर पाच कोटींहून अधिक खटले तुंबले आहेत. एकोणीस वर्षांत साक्षीदार मरतात, म्हातारे होतात, गाव सोडतात, विकले जातात, घाबरतात. पण उशिरा आलेला खटला खराब होतो तो विशेषकरून पुरावा आधीच कच्चा असेल तर. लाखेची मोहर वीस वर्षांनीही मोहरच असते.

विसरलेला आदेश

आता खरा मुद्दा. एखाद्या गंभीर गुन्ह्यात सगळे आरोपी सुटले तर पुढे काय व्हावे, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने केव्हाच देऊन ठेवले आहे. २००३ मध्ये अहमदाबादमध्ये सहा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. तपासातील आणि अभियोगातील ढिसाळपणामुळे आरोपीला दोषी धरणे सर्वोच्च न्यायालयालाही अशक्य झाले. गुजरात राज्य विरुद्ध किशनभाई या खटल्याच्या ७ जानेवारी २०१४ च्या निकालात न्यायमूर्ती चंद्रमौली कुमार प्रसाद आणि न्यायमूर्ती जगदीशसिंह खेहर यांनी आरोपीला सोडले, पण तेवढ्यावर न थांबता सर्व राज्यांच्या गृहखात्यांना आदेश दिला. प्रत्येक राज्याने पोलीस आणि अभियोग विभागातील वरिष्ठ अधिकाऱ्यांची स्थायी समिती नेमावी. प्रत्येक निर्दोष मुक्ततेची कारणे त्या समितीने तपासावीत. चूक तपास अधिकाऱ्याची की अभियोक्त्याची, अजाणता झालेली की जाणूनबुजून केलेली, हे ठरवावे. दोषी अधिकाऱ्यावर खातेनिहाय कारवाई व्हावी. आणि या चुकांतून पुढच्या अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण घडावे. हे सारे सहा महिन्यांत उभे राहावे.

याहून स्पष्ट काय असू शकते? देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, निर्दोष मुक्तता हा खटल्याचा शेवट असला तरी चौकशीचा आरंभ आहे. कोणाची तरी चूक झाली आहे. एक तर निरपराध माणसाला पकडले गेले, नाही तर अपराध्याविरुद्धचा पुरावा वाया घालविला गेला. तिसरी शक्यता नाही. आणि दोन्ही शक्यतांत कोणीतरी उत्तर दिले पाहिजे.

२१ जुलैच्या निकालानंतर राज्य सरकारने विलक्षण तत्परता दाखविली. तीन दिवसांत प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. त्या निकालाचा इतर मोक्का खटल्यांत दाखला म्हणून उपयोग करता येणार नाही, एवढ्यापुरती स्थगिती मिळाली. सुटलेल्यांना पुन्हा कारागृहात जावे लागणार नाही, हेही त्याच वेळी स्पष्ट झाले. अपील करणे सरकारचे कर्तव्य होते आणि ते केले हे योग्यच झाले. परंतु सर्वोच्च न्यायालयात गेलेला कागद हा उच्च न्यायालयात उघडा पडलेल्याच पुराव्याचा आहे. वकील कितीही निष्णात असला, तरी २००६ मध्ये न लावलेली मोहर तो आज लावू शकत नाही. अपिलाची तत्परता जेवढी, तेवढीच तत्परता २०१४ च्या आदेशाच्या पालनात का असू नये? ओळखपरेडीचे काम अधिकार नसलेल्या माणसाकडे कोणी सोपविले? टॅक्सीचालक शंभर दिवस कोठे होते आणि त्यांना कोणी शोधून काढले? मालेगावच्या घटनास्थळाचा नकाशा का काढला नाही? दंडाधिकाऱ्यांपुढील जबाबांच्या मूळ प्रती कोणाच्या ताब्यातून गेल्या? हे प्रश्न आरोपींना विचारायचे नाहीत, शासनाने स्वतःच्या खात्याला विचारायचे आहेत. स्थायी समितीने त्यांची काय उत्तरे काढली, हे विधिमंडळाच्या पटलावर आले पाहिजे.

योगायोग असा की, रेल्वेस्फोटांनंतर अवघ्या अडीच महिन्यांत, २२ सप्टेंबर २००६ रोजी, प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलीस सुधारणेचे सात निर्देश दिले होते. त्यांतला एक असा की, तपासाचे काम कायदा-सुव्यवस्थेच्या कामापासून वेगळे करावे, आणि त्याची सुरुवात मोठ्या शहरांपासून व्हावी. आज खुनाचा तपास करणारा अधिकारी गणेशोत्सवाच्या बंदोबस्ताला उभा असतो, मंत्र्यांच्या दौऱ्यासोबत धावतो आणि रात्री येऊन साक्षीदारांचे जबाब लिहितो. त्याने नकाशा काढावा, ठसे जपावेत, प्रयोगशाळेचा पाठपुरावा करावा, हे सारे उरलेल्या वेळात. त्याआधी २००३ मध्ये न्यायमूर्ती मळीमठ समितीनेही फौजदारी न्यायव्यवस्थेच्या दुरुस्तीचा जाडजूड अहवाल दिला होता. अहवाल मिळाला, आदेश मिळाला, आणि कपाटेही भरपूर होती.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांनी यातील काही दोषांवर बोट ठेवले आहे. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे, झडती आणि जप्तीचे चित्रीकरण करून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठविणे, राज्याने साक्षीदार संरक्षण योजना तयार करणे या तरतुदी स्वागतार्ह आहेत. साक्षीदारांच्या संरक्षणाची योजना तर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच मंजूर केली होती. नेहमीच्या पंचांच्या धंद्याला चित्रीकरणाने आळा बसू शकेल. पण न्यायवैद्यकाची तरतूद पूर्णतः अमलात आणायला कायद्यानेच राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुभा दिली आहे. या पाच वर्षांत प्रयोगशाळा उभ्या राहिल्या नाहीत, तज्ज्ञांची पदे भरली गेली नाहीत, तर चित्रीकरणही पंचनाम्यासारखेच होईल. आधी ठरलेले, नंतर टिपलेले.

आणि तोवर? उच्च न्यायालयाचे ६७१ पानांचे निकालपत्र आणि मालेगावचे त्याहून मोठे निकालपत्र ही दोन्ही शासनाच्या हाती आहेत. तपास कसा करू नये याचा इतका सविस्तर, इतका महागात पडलेला पाठ महाराष्ट्र पोलिसांना दुसरा मिळणार नाही. नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत दरवर्षी नवे उपनिरीक्षक घडतात. प्रशिक्षणासाठी अशा चुकांचाच वापर करावा, हे २०१४ च्या आदेशात लिहिलेले आहे. पहिल्या आठवड्यात, कवायतीच्याही आधी, ही दोन निकालपत्रे त्यांच्या हाती मराठीत द्यावीत, आणि ओळखपरेडीच्या पानापाशी थांबून विचारावे, येथे तुम्ही असता तर काय केले असते?